ओरिजिनलराव

डेट्रॉइटच्या आसपास जुन्या दणकट गाड्यांचे मालक पैशाला पासरी मिळतात. १९६४ साली पाँटियाकने एका मध्यम आकाराच्या साध्या गाडीत मोठ्या गाडीचं ३८९ घनइंची इंजिन बसवलं, तिला जीटीओ म्हटलं आणि विशीतल्या पोरांची सिग्नलवर शेजारच्याला मागे टाकायची सोय केली. मग सगळ्याच कंपन्या अशा ‘मसल कार’ काढायच्या नादी लागल्या. पुढे विम्याचे हप्ते वाढले, धुराचे नियम आले, १९७३ साली अरबांनी तेल अडवलं आणि मसल कारचा खेळ आटोपला. त्या पोरांनी आता सत्तरी ओलांडलीय. दोन्ही गुडघे बदलून झालेत. गाडीतला मात्र एक वॉशर बदललेला चालत नाही.

यातल्या कर्मठ जातीला आम्ही इथली मराठी मंडळी खासगीत ‘ओरिजिनलराव’ म्हणतो. एक नमुना आमच्याच गल्लीत राहतो. त्यांची १९७० सालची शेव्हरोले शेव्हेल, एसएस ३९६. रंग गोबी बेज, म्हणजे मातकट. पोरासोरांना आवडतो तो लालभडक क्रॅनबेरी रेड नव्हे. “लाल काय, कोणीही मारतो,” असं म्हणून ते विषय संपवतात. इंजिन नावालाच ३९६. त्या वर्षी कंपनीने ते ४०२ घनइंचांचं केलं होतं, पण ३९६ची कीर्ती एवढी झाली होती की गाडीवर आकडा तोच ठेवला. हे कोणी हळूच निदर्शनास आणून दिलं, तर ओरिजिनलराव ओशाळत नाहीत, खुलतात. थाप असली म्हणून काय झालं, कंपनीने मारलेली आहे!

ही माणसं गाडीत काय आहे ते सांगत नाहीत, काय नाही ते सांगतात. कारखान्यातून काय काय बसवून घ्यायचं याची तेव्हा लांबलचक यादी असे आणि प्रत्येक जिनसाला एक सांकेतिक क्रमांक. सी-६० म्हणजे एसी, एन-४० म्हणजे पॉवर स्टिअरिंग, यू-६३ म्हणजे साधा एएम रेडिओ. आमच्या ओरिजिनलरावांच्या गाडीत यातलं काहीच नाही. कोणे एके काळी कोणा पोराच्या खिशात पैसे नसावेत, त्याची किंमत हे गृहस्थ आज उजव्या खांद्याने मोजतात. गाडी पार्क करताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघतो, तो इंजिनाचा आहे असं आम्ही बरेच दिवस समजत होतो. “अहो, एक रेडिओ बसवा ना,” असं त्यांची बायको एकदा म्हणाली. (मी तिला मनातल्या मनात वहिनी म्हणतो.) रेडिओच्या जागी कंपनीने बसवलेली कोरी पट्टी आहे. तिच्यावरून त्यांनी एकदा हात फिरवला आणि वहिनींकडे असं पाहिलं, की बाई पुढे कानात इयरफोन घालून बसू लागल्या.

पण या वेडाला व्यावहारिक कारणही आहे. गाडीच्या चासी नंबरावरून ती व्ही-८ इंजिनाची मालिबू, म्हणजे शेव्हेलचाच एक प्रकार, होती एवढंच कळतं, एसएस होती की नाही ते कळत नाही. एसएस हा नुसता ऑप्शनचा एक संच. त्यामुळे साध्या मालिबूला पट्टे ओढून, बिल्ले ठोकून एसएस म्हणून खपवणारे महाभाग उदंड. खऱ्या-खोट्याच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पाँटियाकवाल्यांचं बरं आहे, कंपनीची जुनी बिलं शाबूत आहेत, पैसे भरले की नक्कल मिळते. शेव्हरोलेने असं काही जपलं नाही. मग सगळ्यात भक्कम पुरावा उरतो तो बिल्ड शीटचा. कुठल्या गाडीला काय काय जोडायचं ते कामगारांना कळावं म्हणून छापलेला तो कागद. काम झालं की कोणीतरी तो पेट्रोलच्या टाकीवर नाहीतर सीटच्या स्प्रिंगांत खुपसून द्यायचा. मुलीसाठी स्थळ आलं की पत्रिका मागतात, तसे हे लोक कोणाची गाडी पाहिली की आधी बिल्ड शीट मागतात.

ओरिजिनलरावांनी ते शोधायला टाकी उतरवली. कागद निघाला! उंदरांनी एक कोपरा खाल्लेला, पण अक्षरं शाबूत. चष्मा लावून वाचू लागले, तर तो कुठल्याशा हिरव्या स्टेशन वॅगनचा. कामगाराने ज्याचा कागद त्याच्याच गाडीत ठेवला पाहिजे असा काही नियम नव्हता. त्यांचा स्वतःचा पुढे मागच्या सीटखाली सापडला, ही गोष्ट वेगळी. पण वॅगनचाही त्यांनी फ्रेम करून गॅरेजात टांगलाय. न जाणो, तिचे मालकही कुठेतरी टाकी उतरवून बसले असतील.

खरी गंमत गाडी नव्याने रंगवताना झाली. रंगारी हाताने स्वच्छ. त्याने आरशासारखं काम केलं आणि ओरिजिनलरावांचा चेहरा उतरला. १९७०च्या कारखान्यात घाईघाईत फवारा कसाही उडे, पत्र्यांच्या सांध्यांत ओघळ येत, खडूने केलेल्या खुणा कोणी पुसत नसे. स्पर्धेतले परीक्षक टॉर्च घेऊन हेच बघतात आणि काम फार चांगलं झालं असेल तर गुण कापतात. शेवटी त्या रंगाऱ्याला बाजूला बसवून निष्काळजीपणाचे धडे द्यावे लागले. बिचाऱ्याला काही केल्या जमेना. ओघळसुद्धा तो सरळ रेषेत काढी.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ‘ड्रीम क्रूझ’ असते. हजारो जुन्या गाड्या घरघरत वर-खाली फिरतात आणि लोक फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून बघत बसतात. वुडवर्ड आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. शनिवारची छोटी फेरी सोडली तर ओरिजिनलराव गाडी चालवत नाहीत; तिथवरही ट्रेलरवरून नेतात. मग तिच्यामागे खुर्ची टाकून पावसाच्या धास्तीने दिवसभर आभाळाकडे बघत राहतात. पुण्याहून आलेल्या माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, मी तिथे घेऊन गेलो होतो. अण्णांनी मागे हात बांधून गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, “ॲव्हरेज किती देते?” गॅलनला दहा मैल, असं उत्तर आलं. अण्णांनी डोळे मिटून हिशेब केला. “म्हणजे लिटरला सव्वाचार. फारशी बाहेर काढत नाहीत तेच बरंय.” मग डिकीच्या झाकणाला आतून चिकटवलेला, जॅक कसा लावायचा ते सांगणारा कंपनीचा कागद त्यांना दिसला. अण्णांच्या प्रीमियर पद्मिनीच्या सीटांवरचं प्लॅस्टिक ती गाडी विकेपर्यंत निघालं नव्हतं. त्यानंतरचा अर्धा तास या दोघांना दुभाष्या लागला नाही.

गेल्या वर्षी ओरिजिनलरावांनी पहिल्या मालकाचा माग काढला. वॉरंटीच्या पुस्तिकेत त्याचं नाव होतं. म्हातारा शेजारच्या ओहायो राज्यात अजून ठणठणीत. फोन लागला. हाच रंग, हेच ऑप्शन निवडण्यामागे काय विचार होता, असं ओरिजिनलरावांनी भरल्या आवाजात विचारलं.

“विचार कसला? मला लाल हवी होती, रेडिओवाली. ती यायला दोन महिने लागणार होते. ही विक्रेत्याच्या दारात पडून होती, घेऊन टाकली.”

ओरिजिनलराव गप्प. म्हाताऱ्याने आपण होऊन पुढे विचारलं, “उजव्या दारातून ती खडखड अजून येते का हो? पहिल्या दिवसापासून होती. कारखान्यातल्या कोणीतरी आत बोल्ट टाकला असणार. विक्रेत्याकडे किती खेटे घातले, पण शेवटपर्यंत निघाला नाही.”

तो निघाला होता. रंगाऱ्याने दार खोललं तेव्हा तळाशी सापडला, आणि माणूस स्वच्छ असल्यामुळे त्याने तो लगेच कचऱ्यात टाकला होता. सध्या ओरिजिनलराव रोज सकाळी भंगारवाल्यांना फोन करतात. बोल्ट कुठलाही चालणार नाही, त्याच सालचा आणि डोक्यावर बरोब्बर छाप असलेला हवा. वहिनींनी या शनिवारच्या फेरीसाठी नवे इयरफोन मागवलेत.