फुकेतची प्रेक्षणीय स्थळे आणि बारडोलीचे प्रवासी

दिवाळीपासून कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, म्हणजे गुजराती व्यापारी जिला लाभपाचम म्हणतात आणि जिच्या मुहूर्तावर दुकान पुन्हा उघडतात त्या तिथीपर्यंत, सुरत जिल्ह्यातील बारडोलीची बरीचशी दारे बंद असतात. बंद दारांची परंपरा या तालुक्यात जुनी आहे. मुंबई सरकारने शेतसारा 22 टक्क्यांनी वाढवला आणि त्याविरुद्ध 1928 साली वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तेव्हा जप्तीसाठी नेमलेल्या पठाणांच्या हाती म्हशी लागू नयेत म्हणून येथील शेतकरी गुराढोरांसह स्वतःला घरात कोंडून घेत, आणि महिनोन्महिने ऊन न लागल्यामुळे म्हशी गोऱ्या पडल्याचा विनोद त्या काळी प्रचलित होता. आता कुलूप बाहेरून लागते आणि रंगाची काळजी घरधन्यालाच करावी लागते, कारण तो सहकुटुंब थायलंडच्या फुकेत बेटावर अंगाला मलम चोपडून वाळूत पडलेला असतो.

या स्थलांतराची कारणे अभ्यासकांना सहज सापडतात. नोव्हेंबर 2023 पासून थायलंडने भारतीयांना व्हिसाविना प्रवेश देण्यास सुरुवात केली. डिसेंबर 2024 मध्ये सुरत ते बँकॉक थेट विमान सुरू झाले आणि पहिल्याच फेरीत विमानातील मद्य संपल्याची बातमी देशभर पसरली. ती कितपत खरी होती हा प्रश्न बाजूला ठेवला तरी ती ऐकून सुरतेत कोणी चकित झाल्याचे दिसले नाही. राज्य स्थापन झाल्यापासून दारूबंदी असलेल्या गुजरातच्या नागरिकासाठी फुकेतचे पहिले प्रेक्षणीय स्थळ म्हणजे कोपऱ्यावरचे साधे किराणा दुकान, ज्याच्या काचेच्या कपाटात बाटल्या उघडपणे मांडलेल्या असतात. सहलीच्या पत्रकात या स्थळाचा उल्लेख नसतो, पण ते कोणाचेही चुकत नाही. थायलंडच्या कायद्याने दुकानांतून दुपारी 2 ते 5 या वेळात मद्य विकण्यास अनेक दशके मनाई होती व बौद्ध सणांच्या दिवशीही विक्रीवर निर्बंध असतात, ही माहिती पत्रकात असायला हवी होती. दारूबंदीतून सुटण्यासाठी हजारो मैल उडालेल्या माणसाला तीन तासांची दारूबंदी वर्षभराच्या बंदीपेक्षा अधिक जाचत असे.

बेटावरील दुसरे स्थळ टेकडीवरची संगमरवरी बुद्धमूर्ती होय. तिची उंची 45 मीटर आहे, आणि नेमक्या याच आकड्यापाशी बारडोलीकराची श्रद्धा डळमळते, कारण केवडियाला 2018 साली उभा राहिलेला वल्लभभाईंचा पुतळा 182 मीटरचा आहे. प्रेक्षणीयता मीटरमध्ये मोजण्याची ही पद्धत एकदा स्वीकारली की बारडोलीचे स्थान आपोआप ठरते. केवडियात वल्लभभाईंनी सत्याग्रह केला नाही, तो बारडोलीत केला. परंतु बारडोलीतील स्वराज आश्रम माणसाच्या उंचीने बांधलेला असून त्याच्या छातीत लिफ्टने चढून बाहेर पाहण्याची सोय नाही. ज्या वास्तूवर चढता येत नाही तिच्यासमोर नेमके काय करायचे, हे पर्यटकाला कोणी तरी सांगावे लागते, आणि सांगणारा लाभपाचमीपर्यंत फुकेतला असतो.

चित्रपटांनी पावन केलेली स्थळे हा तिसरा वर्ग. फांगना उपसागरातील एक चुनखडीचा सुळका 1974 च्या जेम्स बाँडपटात दिसला, तेव्हापासून ते बेट त्या काल्पनिक हेराच्या नावाने ओळखले जाते. फी फी द्वीपसमूहातील माया उपसागर 2000 साली एका हॉलिवूडपटात झळकला आणि तेथे इतके लोक लोटले की प्रवाळ वाचवण्यासाठी 2018 ते 2022 अशी सुमारे साडेतीन वर्षे तो बंद ठेवावा लागला; पुढे उघडल्यावरही तेथे पोहण्यास बंदी घातली गेली, त्यामुळे पर्यटक गुडघाभर पाण्यात उभा राहून छायाचित्र काढतो आणि परततो. बारडोलीलाही एक प्रसिद्ध प्रसंग लाभला आहे: फेब्रुवारी 1922 मध्ये चौरीचौऱ्यातील हिंसाचारानंतर देशभरचे आंदोलन थांबवण्याचा निर्णय काँग्रेस कार्यकारिणीने बारडोलीत घेतला, पण त्या प्रसंगी कोणी पिस्तूल झाडले नसल्याने त्याचे पर्यटनमूल्य शून्य राहिले.

विमानतळाकडून दक्षिणेस जाणाऱ्या रस्त्यावरील चौकात दोन स्त्रियांचा पुतळा लागतो. 1785 साली ब्रह्मी सैन्याने वेढा घातला असता बेटावरील स्त्रियांना पुरुषी वेष चढवून फौज मोठी असल्याचा भास निर्माण करणाऱ्या या दोघी बहिणी होत. वल्लभभाईंना ‘सरदार’ हे नाव बारडोलीच्या स्त्रियांनी दिले असे सांगितले जाते. तेव्हा या चौकात बारडोलीची बस तरी थांबावी अशी अपेक्षा धरता येईल. बस थांबत नाही, कारण जेवणाची वेळ झालेली असते आणि सोबत आणलेले महाराज, म्हणजे शाकाहारी स्वयंपाकासाठी भारतातून नेलेले आचारी, हॉटेलात वाट पाहत असतात.

बेटाच्या दक्षिण टोकाला रवाई येथे चाओ ले, म्हणजे पूर्वापार समुद्रावर जगणारे लोक, पत्र्याच्या दाट वस्तीत राहतात. जमिनीच्या मालकीवरून त्यांचा झगडा चालू असला तरी त्यांची वस्ती प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत आहे. हे उदाहरण बारडोलीने मनावर घेण्यासारखे आहे. दिवाळीच्या आगेमागे दार लावून एक गर्दी बाहेर पडते, त्याच सुमारास दुसरी आत येते: डांग, नंदुरबार आणि धुळ्याकडची कुटुंबे सहकारी साखर कारखान्यांच्या उसासाठी मुकादमामार्फत आणली जातात. तोडणाऱ्या जोडीला येथे ‘कोयता’ म्हणतात, म्हणजे दोन माणसांचे नाव एका हत्यारावर भागवले जाते, आणि त्यांच्या तळाला ‘पडाव’ म्हणतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी या ऊसतोड्यांवर अनेक वर्षे लिहिले, म्हणजे परदेशी पाहुणा येऊन गेल्याची नोंदही आहे. प्लॅस्टिकच्या छताची झोपडी, तीन दगडांची चूल, अहिराणी किंवा भिली बोलणारी मुले, हे सर्व रवाईच्या तोडीचे असून त्यासाठी व्हिसाही लागत नाही.

म्हणून पडावाला अर्ध्या तासाच्या भेटीचे स्थळ म्हणून मान्यता द्यावी, असा प्रस्ताव येथे मांडला जात आहे. वेळेची अडचण राहील, कारण टोळी पहाटेच्या अंधारात फडात जाते आणि पर्यटक नाश्त्यानंतरच बाहेर पडतो. तिकिटाचे पैसे कोणाला मिळावेत यावर वाद संभवतो. ते मुकादमाकडे जमा होऊन हंगामाअखेरीस उचलीत, म्हणजे आगाऊ दिलेल्या रकमेत, व्याजासह वळते केले जातील, यावर मात्र जाणकारांत दुमत होणार नाही.