क्लॉजकाका

आमच्या गच्चीतून पाणी का झिरपतं, याची तीन मिस्त्रींनी तीन कारणं सांगितली. क्लॉजकाकांनी एकही सांगितलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "मेथड स्टेटमेंट कुठंय?"

कोथरूडच्या दर दुसऱ्या सोसायटीत असा एक गृहस्थ असतो. वय पंचाहत्तरीच्या आसपास, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक लाल. शुक्रवारी दाढी करत नाही, कारण चौदा वर्षं शुक्रवारी सुट्टी होती. पुण्यात उकडलं की त्याला जुबैल आठवतं, धूळ उडाली की बसरा आणि लिफ्ट बंद पडली की कुवेत. पुण्यात पुणं कधी आठवतं, हे अजून कळलेलं नाही.

काका १९७२ साली सीओईपीतून बाहेर पडले ते थेट दुष्काळी कामावर, खडीचे ढीग मोजायला. पुढच्याच वर्षी तेलाचे भाव भडकले, आखाताच्या वाळूत शहरं उगवायला लागली आणि पेपरातल्या छोट्या जाहिरातींत 'सिव्हिल इंजिनिअर पाहिजेत' दिसू लागलं. तिकडे आधी ते कॉन्ट्रॅक्टरकडे साइटवर होते. पाच वर्षांनी कन्सल्टंटच्या एसी पोर्टाकेबिनमध्ये जाऊन बसले. या दोन जातींतला फरक त्यांनीच मला समजावला. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला घाम येतो, कन्सल्टंटच्या माणसाला शंका येतात.

त्यांची सर्वांत आवडती शंका काँक्रीटच्या तापमानाची. मिक्स ३२ अंशांच्या वर गेलं की ट्रक परत. म्हणून स्लॅब रात्री टाकायचा आणि पाण्याऐवजी बर्फ घालायचा. एका रात्री आपण अकरा ट्रक कसे परत पाठवले आणि कोरियन मॅनेजर कसा रडकुंडीला आला, हे काका दर गणपतीत सांगतात. मागच्या वर्षी काकू मोदक वाढता वाढता म्हणाल्या, "आमच्या घरी तेव्हा फ्रीज नव्हता, आणि ह्यांच्या काँक्रीटला बर्फ."

पण खरी माया आहे ती लाल पुस्तकावर. परदेशी बांधकामांचे करार ज्या अटींवर चालत, ते फिडिकचं पुस्तक. त्यातही १९८७ ची चौथी आवृत्ती, ७२ कलमांची. तिच्यात मालक असतो, कॉन्ट्रॅक्टर असतो आणि दोघांच्या मध्ये इंजिनिअर असतो. इंग्रजीत तो मोठ्या लिपीतल्या 'ई'ने लिहितात. देवनागरीत ती सोय नाही, म्हणून काका ते काम आवाजाने करतात. पगार मालकाकडून घ्यायचा आणि न्याय दोघांना द्यायचा, अशी ही जागा. ६७व्या कलमाप्रमाणे तंटा आला की ८४ दिवसांत निर्णय द्यायचा. १९९९ साली नवी आवृत्ती आली, ७२ कलमांची २० झाली आणि न्यायनिवाडा एका मंडळाकडे गेला. काका या घटनेबद्दल पेशवाई बुडाल्यासारखं बोलतात.

सोसायटीत मात्र चौथी आवृत्तीच लागू आहे. दोन बिऱ्हाडांत स्कूटरच्या जागेवरून जुंपली तेव्हा सेक्रेटरी या नात्याने मीच प्रकरण काकांकडे नेलं. चूक माझी. त्यांनी दोघांकडून लेखी म्हणणी मागवली, जागेची मापं घेतली, 'हक्कांना बाधा न येता' एक मसुदा फिरवला आणि बरोबर ८४व्या दिवशी निर्णय दिला. तोवर एकाने स्कूटर विकली होती आणि दुसरे मुलीकडे बंगळुरूला राहायला गेले होते. निर्णय मात्र अचूक होता. तिथे दोन्ही स्कूटरी मावत होत्या.

काकूंना लिहिलेल्या पत्रांवरही म्हणे जावक क्रमांक असत. वर 'संदर्भ: आपले पत्र' आणि तारीख. काकू उत्तर कॅसेटमध्ये बोलून पाठवत, कारण पोरांचा आवाज पत्रात जात नाही. हा फ्लॅट काकूंनीच १९८१ साली बुक केला. तेव्हा इकडे यायला रिक्षावाले नाही म्हणत. बिल्डरशी भांडल्या त्या, भिंतीला ओळंबा लावून बघितला त्यांनी, आणि बाथरूमचा उतार उलटा निघाला तेव्हा फरशी उखडायला लावली तीही त्यांनीच. काका सुट्टीवर आले ते वास्तुशांतीला. क्लॉज पाठ नसलेली एक कन्सल्टंट आपल्याच घरात आहे, हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं दिसत नाही.

एक गोष्ट काका सांगत नाहीत. २ ऑगस्ट १९९० ला इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले तेव्हा ते तिथे होते. बसने बगदाद, तिथून अम्मान, आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय तेव्हा असे परत आले. लोकांनी पिशवीत सोनं लपवून आणलं. काकांच्या पिशवीत एक जाडजूड फाइल होती. सही झालेली मेजरमेंट शीट्स, कॉन्ट्रॅक्टरच्या बिलाची. ना पैसे त्यांचे, ना काम त्यांचं. "सही माझी होती," एवढंच त्यांनी काकूंना सांगितलं. ती फाइल माळ्यावर आहे.

आता पुन्हा गच्ची. मेथड स्टेटमेंट, म्हणजे काम कसं करणार ते लेखी, मागितल्यावर मिस्त्री म्हणाला, "काका, ब्रिकबॅट कोबा करायचाय, पूल नाय बांधायचा." तो आठ दिवस उशिरा उगवला, मध्येच पाऊस सुरू झाला आणि त्याने पावसापायी मुदत वाढवून मागितली. काकांनी साफ नाकारली. ४४व्या कलमात हवामान असाधारण वाईट असावं लागतं. पुण्यात जूनमध्ये पाऊस पडतो, हे अनुभवी कॉन्ट्रॅक्टरला आधी कळायला हवं. मिस्त्रीने घमेलं उचललं आणि गेला.

कोबा अर्धाच राहिला. गळती सरकत सरकत आता वरच्या मजल्यावर काकांच्याच माळ्यावर आली आहे. फाइलखाली काकूंनी परात ठेवली आहे.

श्रावण लागला आणि सोसायटीच्या नावे काकांचं पत्र आलं, जावक क्रमांकासह. उत्तर मी अजून दिलेलं नाही. मुदत धनत्रयोदशीला संपते.