तोळाभराची चकती

घरी डाव बसला की पत्त्यांवरून सहसा भांडण होत नाही. भांडण होतं ते पत्त्यांशेजारच्या ढिगावरून. पैसे लावायचे नाहीत असं एकदा ठरलं की पैशाच्या जागी काय लावायचं हा प्रश्न उरतो, आणि झरी जामणीच्या आमच्या भागात तो आजवर शेतानं आणि झाडांनी सोडवलेला आहे. उन्हाळ्यात चिंचोके. बैलांसाठी पोतं आणलेलं असेल तेव्हा सरकी. तुरीचं खळं झालं की तुरीचे दाणे. आणि हाताशी काहीच नसेल तर आगपेटीच्या काड्या. ते बारमाही पीक.

यातल्या प्रत्येक चलनात खोट आहे. चिंचोका दिसायला देखणा, तुळतुळीत, बोटांत खेळवायला छान. पण ज्याच्या घरामागं चिंच आहे त्याच्याकडे टाकसाळच असते. तो खिसे भरून येतो आणि रात्रभर हरला तरी त्याचं भांडवल संपत नाही. सरकीचे तंतू बोटांना चिकटतात आणि रात्री जिंकलेली रास सकाळी बैलाच्या आंबोणात जाते. तुरीच्या दाण्यांची मोजणी डावापेक्षा लांबते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच संपत्तीचं वरण होतं. काड्यांचं तर विचारूच नका. आमच्यातले एक काकाजी हरायला लागले की विडी शिलगावत, आणि तीही समोरच्या ढिगातली काडी ओढून. काडीची किंमत दहा ठरलेली असेल तर दहाची नोट पेटवल्यासारखंच ते. पण त्यांना अडवायची कोणाची हिंमत नव्हती, कारण काड्या त्यांच्याच होत्या.

मध्यंतरी कॅरमच्या सोंगट्या वापरून पाहिल्या. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक राणी, म्हणजे 19 नाण्यांवर सहा माणसांची अर्थव्यवस्था चालवायची. तिसऱ्या डावात सगळी संपत्ती एका मेव्हण्याकडे गोळा झाली आणि उरलेले पाच जण त्याच्याकडून उसनवारी करू लागले. खेळ संपला आणि सावकारी सुरू झाली. यवतमाळ जिल्ह्यात हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून सोंगट्या परत डब्यात गेल्या.

पैसे न लावण्याचं कारण आम्ही साधुसंत आहोत हे नव्हे. विदर्भात पोळा आणि पत्ते यांचं नातं जुनं आहे. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळून झाले की माणसांचे हात ताशपत्त्यांकडे वळतात, आणि त्याच दिवसांत वर्तमानपत्रात धाडीच्या बातम्या येतात: बावन्न पत्ते, रोख रक्कम, मोटारसायकली, एवढा एवढा मुद्देमाल जप्त. जुगारबंदीचा कायदा 1887 चा आहे. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, आणि 1967 साली सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं रमीला कौशल्याचा खेळ ठरवलं, कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात. तीन पत्तीला मात्र त्याच निकालात नशिबाच्या खात्यात टाकलं. आमच्याकडचे तीन पत्तीवाले हा स्वतःच्या बुद्धीचा अपमान समजतात. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं कायदा करून पैशावरचे ऑनलाइन खेळही बंद केले, त्यामुळे मोबाइलवर एकटाच हसणारा आणि एकटाच चिडणारा पुतण्या पुन्हा सतरंजीवर येऊन बसला. हे त्या कायद्याचं उद्दिष्ट नसेल, पण आमच्या घरात फळ हेच मिळालं. महाराष्ट्र सरकारचं स्वतःचं खेळणं याहून मजेदार आहे. 1976 साली कॅसिनोचा कायदा केला, तो लागू मात्र केलाच नाही. जवळजवळ अर्धं शतक पानं न उघडता ब्लाइंड बसलं, आणि 2023 साली तो रद्द करायचं ठरवून पॅक केलं.

तर अशा बिनपैशाच्या सतरंजीवर पोकर आलं ते पुण्याला नोकरी करणाऱ्या भाच्याबरोबर. दिवाळीला आला, दोन-दोन पानं वाटली, पाच मधे उघडायची म्हणाला, आणि समोरचा ढीग पाहून थांबला.

"मामाजी, चिंचोक्यावर पोकर? लोक हासतीन आपल्याले."

"कोण हासन? इथं पाहाले कोण येऊन रायलं?"

पण मुद्दा मनात राहिला. चांगल्या चिप्स घ्यायच्या तर चांगल्या म्हणजे कशा?

वणीत आणि आदिलाबादला खेळण्यांच्या दुकानात मिळतात त्या प्लास्टिकच्या टिकल्या. रंग भडक, वजन काहीच नाही, पंखा लावला की डाव उधळला. त्यांच्या वरची पायरी म्हणजे जाड चकती. 39 मिलिमीटर व्यास, तीन मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त जाडी, आणि वजन साडेअकरा ग्रॅम. भाच्यानं हा आकडा सांगितला आणि मी हबकलोच. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा. राणीछाप चांदीचा रुपयाही बरोबर तेवढाच, एक तोळा. शंभर वर्षांपूर्वी आमच्या पणज्याच्या तळहाताला जे वजन पैसा म्हणून ठाऊक होतं, त्याच्या जवळपासचं वजन आज पोकरच्या चकतीला देतात. पुढं शोधलं तर दहा ग्रॅमच्याही चकत्या निघाल्या, सिरॅमिकच्या. म्हणजे सराफाचा आजचा तोळा. आपल्याकडे सोन्यात जी काटछाट झाली ती पोकरमध्येही झाली की काय, असं वाटून गेलं. सरकारी नाणी तर केव्हाच हलकी झाली आहेत. 1992 पासून निघालेलं ते जाडजूड पाचाचं नाणं आठवा, नऊ ग्रॅमचं. त्याची चळत लावली तर हलत नसे. आजचा नवा रुपया तीन ग्रॅमच्या जेमतेम वर. त्यावर डाव खेळण्यापेक्षा सरकी बरी.

तोळ्याचा शोध लागल्यावर मी सर्वांत जड चकती घ्यायला निघालो होतो. बाजारात चौदा ग्रॅमच्या मिळतात आणि त्यांची जाहिरात वजनावरच असते. पण ते वजन येतं कुठून? प्लास्टिकच्या पोटात लोखंडाची चकती घातलेली असते, वॉशरसारखी. आता कापूस पिकवणाऱ्या तालुक्यात ही गोष्ट कोणाला समजावून सांगायला नको. ओल्या कापसाचं वजन वाढतं, म्हणून काही तो चांगला होत नाही. खरेदी केंद्रावर ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि 12 च्या वर गेला की गाडी परत पाठवतात. चकतीचंही तसंच. मोठ्या कॅसिनोतल्या मातीच्या चकत्या साधारण साडेआठ ते दहा ग्रॅमच्या, म्हणजे घरगुती चौदा ग्रॅमवाल्यांपेक्षा हलक्याच. ज्यांच्या चकतीमागं खरा पैसा आहे त्यांना वजनाचा दिखावा करावा लागत नाही. पोटात लोखंड भरायची पाळी आमच्यासारख्यांवर येते.

मातीच्या म्हणतात, पण नुसत्या मातीच्या त्याही नसतात. माती, खडू, वाळू अशा जिनसा कशात तरी बांधून, साच्यात दाबून, तापवून त्या करतात. खडू म्हणजे शेवटी चुनखडकच, आणि आमच्या तालुक्याच्या पोटात चुनखडक ढिगानं आहे. मुकुटबनला त्याचा सिमेंट कारखाना उभा आहे, ट्रक दिवसरात्र जातात. त्यातला एखादा ट्रक कोणी चकत्यांकडे वळवला असता तर झरी जामणीचं नाव गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटींवर गेलं असतं. पण घरं बांधणं जास्त गरजेचं आहे हे मान्य.

खरी परीक्षा आवाजाची. लोखंड भरलेल्या चकत्या एकमेकींवर पडल्या की स्वयंपाकघरात चमचे पडल्यासारखा आवाज होतो, आतून हमखास "काय पडलं?" अशी विचारणा येते. मातीच्या किंवा सिरॅमिकच्या चकतीचा आवाज दबका, भरीव. रात्री अकराला, शेजारच्या खोलीत आजी झोपलेली असताना, या फरकाला फार किंमत आहे.

दुसरी परीक्षा आमच्या मुलखाची: तंबाखू-सुपारीचा खर्रा. डावाला बसलेल्या सहापैकी तिघांच्या हातावर खर्रा घोटला जात असतो आणि उरलेल्यांच्या बोटांना चिवड्याचं तेल असतं. पुष्कळ चकत्यांच्या मधोमध कागदी लेबल चिकटवलेलं असतं, त्यावर सोनेरी आकडा. दुसऱ्या दिवाळीपर्यंत ते लेबल पिवळं पडतं आणि तिसऱ्या दिवाळीला कोणाच्या तरी नखाखाली सुटतं. म्हणून लेबल नको, छपाई अंगातच हवी. सिरॅमिकच्या चकतीवर चित्र पृष्ठभागातच मुरलेलं असतं, ओल्या फडक्यानं पुसता येतं. पोकरबद्दल लिहिणाऱ्या परदेशी जाणकारांनी खर्र्याचा विचार केलेला दिसत नाही.

आकडे मात्र छापलेले नसावेत या मताचा मी आहे. परदेशी रिवाजात पांढरी 1, लाल 5, हिरवी 25, काळी 100. पाचाची लाल आणि शंभराची काळी सगळ्यांनी निमूट मान्य केली, पण 25 वर आमच्याकडे अडतं. चाराण्याचं नाणं जून 2011 अखेर चलनातून गेलं तेव्हापासून पंचवीसचा हिशेब नव्या पोरांच्या डोक्यातून गेला. जुन्यांना मात्र हिरवी चकती दिसली की पावली परत आल्याचा आनंद होतो. चार हिरव्या म्हणजे एक काळी, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. कोऱ्या चकत्या घेतल्या की हा वाद ज्या त्या रात्री मिटवता येतो. कडेला रंगीत पट्टे मात्र असावेत. ते शोभेचे नाहीत. वीसची चळत बाजूनं पाहिली तर त्यात घुसलेली परक्या रंगाची चकती त्या पट्ट्यांमुळे लगेच दिसते. प्रत्येक कुटुंबात असा एक चळत लावणारा असतोच; नातं सांगत नाही.

संख्येचं म्हणाल तर सहा जणांना तीनशे पुरतात, माणशी पन्नास. पाचशेचा ॲल्युमिनियमचा डबा रुबाबदार दिसतो, पण तो घेऊन एसटीत चढलं की लोक तुम्हाला वसुलीवाला समजतात.

आता कोणी विचारेल, पैसे लागत नाहीत तर चकतीवर एवढा खर्च का? मी उलटं म्हणतो. पैसे लागतात तिथं चकती कशीही चालेल. मांडवीतल्या बोटीवर चकतीचं काम पैसा विसरायला लावण्याचं. नोटा दारातच काढून घेतात आणि हातात रंगीत गोल देतात, म्हणजे हजार रुपये सरकवताना काळजात कालवत नाही. आमच्या सतरंजीवर चकतीचं काम नेमकं उलटं आहे. इथं विसरायला पैसाच नाही. जे नाही त्याची जरब बसवायची, तर ते वजनानं, गुळगुळीतपणानं, चळतीच्या उंचीनंच बसवावं लागतं. आणि ती बसते. चिंचोके होते तेव्हा आमच्या वहिनी हातात काहीही असो, मूठभर उचलून मधे फेकत आणि चहा टाकायला उठत. त्यांच्याशी थाप मारून जिंकणं अशक्य होतं, कारण त्या घाबरतच नव्हत्या. सिरॅमिकच्या चकत्या आल्यावर पहिल्याच रात्री त्यांनी एक हिरवी उचलली, परत ठेवली, पानं पुन्हा पाहिली आणि म्हणाल्या, "थांबा जरा, इचार करू द्या." पोकर त्या क्षणी सुरू झालं.

गोल वस्तूचं हे गारूड नवीन नाही. अठराव्या शतकात इंग्रजांच्या घरांत चीनहून शिंपल्याच्या कोरीव चकत्या येत, नुसत्या हिशेबासाठी, आणि लोक त्या खास घडवून घेत. आपल्याकडे तर पत्तेच गोल होते: सावंतवाडीचा गंजिफा, दशावतारी असेल तर 120 पानं, हातानं रंगवलेली, वर लाखेचा थर. त्या पानांनी खेळणाऱ्याला डावात किती मिळालं याची फिकीर कमीच असणार, पान हातात धरलं हेच पुष्कळ. यंत्रावर छापलेले बावन्न चौकोनी पत्ते स्वस्त झाले आणि सौंदर्याची जबाबदारी चकतीवर आली, असं माझं मत. इतिहासकारांना ते पटेलच असं नाही.

भाऊबीजेला पांढरकवड्याहून आत्याबाई आल्या. पोकर त्यांना माहीत नव्हतं, पण तीन पत्तीच्या जोरावर तासाभरात समजलं आणि पुढच्या दोन तासांत त्यांनी भाच्यासकट सगळ्यांना धुऊन काढलं. निघताना चकत्या मोजून डब्यात भरल्या तर दोन काळ्या कमी. सतरंजी झटकली, गाद्या उचलल्या, लहान पोरांचे खिसे तपासले. आत्याबाई शांतपणे चपला घालत होत्या. शेवटी भाच्यानंच भीत भीत विचारलं.

"माह्याजवळ हायेत," त्या म्हणाल्या. "म्या जितल्या ना त्या?"

"पण आत्याबाई, ते पैसे नाहीत. बाजारात कोणी घेणार नाही त्या."

"मले बाजारात द्यायच्या कुठं हायेत?" बटव्याची दोरी ओढत त्या म्हणाल्या. "तुले पाह्यजे असन तर ये पांढरकवड्याले, अन् जितून ने."