ठासणीची बंदूक निवडताना : मंडळाच्या नव्या शस्त्रप्रमुखासाठी

अभिनंदन! बैठकीला तुम्ही उशिरा आलात, म्हणून सजीव देखाव्यासाठी बंदूक आणायचं काम तुमच्या गळ्यात पडलं. कसबा बावड्यात सल्ले फुकट मिळतील, बंदूक मिळणार नाही. तेव्हा हे वाचा.

आधी साल ठरवा, मग बंदूक. देखावा पावनखिंडीचा, म्हणजे 1660 चा असेल तर चकमकीच्या बंदुकीकडे बघूसुद्धा नका. तेव्हा चलती तोड्याच्या बंदुकीची; चाप ओढला की पेटती वात रंजकावर टेकायची. त्यातून दिवस आषाढातले. असल्या पावसात तोडा पेटता कसा ठेवायचा हे ज्याला सांगता येईल, त्यालाच दिग्दर्शक करा. नाहीतर मावळ्याच्या हातात भाला द्या, पैसे वाचतील. कोल्हापुरातल्या 27 व्या पलटणीचा 1857 चा उठाव घेतलात तरी चकमक चुकीचीच; तोवर टोपीच्या बंदुका आल्या होत्या.

चकमक शोभते ती मधल्या काळात. इब्राहिमखानाचे गारदी, महादजींच्या कवायती पलटणी, किंवा आपल्याच अंगणातली 1799 ची निपाणीजवळची पट्टणकुडीची लढाई. तीत परशुरामभाऊ पटवर्धन पडले, त्यामुळे प्रेक्षकांत सांगलीचे पाहुणे असतील तर निवेदन जरा बेतानं. महादजींच्या पलटणींसाठी आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस विलायती तोडीची बंदूक दहा रुपयांत बनवायचा. हा भाव दुकानदाराला जरूर ऐकवा. तो पाणी विचारील.

आता चकमकीची बंदूक हातात घ्या. घोड्याच्या जबड्यात चामड्यात धरलेली गारगोटी हवी (ती आणायला गारगोटीच्या एस्टीत बसू नये) आणि समोर पोलादी झडप. गारगोटी झडपेवर आपटते, ठिणग्या खालच्या रंजकात पडतात, तिथून कानातून, म्हणजे नळीच्या बारीक भोकातून, आग नळीत. झडप नुसती डिंकानं चिकटवलेली असेल तर ते लाकडी खेळणं आहे; जत्रेत स्वस्त मिळतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नमुन्याची नळी 39 इंचांची. तीन फुटी बंदूक घेतलेला शिपाई लांबून पिचकारीवाला दिसतो. दस्ता अक्रोडाचा हवा, पण मिळेल सागवानी आणि बोजड. परदेशात जुन्या लढाया रंगवणारे हौशी लोक भारतातच बनलेल्या प्रतिकृती वापरतात आणि हीच कुरकुर करतात, तेव्हा मन खट्टू करू नका.

खरी मेख कळीच्या पट्टीवर आहे. कंपनीच्या बंदुकीवर आधी बदामाची खूण असे, 1808 पासून सिंह आला. म्हणजे पट्टणकुडीच्या शिपायाकडे सिंह दिसला तर तो नऊ वर्षं आधीच पोचला! हे कुणाच्या लक्षात येणार, असं खजिनदार म्हणतील. बावड्याच्या वाटेवर न्यू पॅलेस आहे, तिथल्या शस्त्रांच्या कपाटांपुढे सुट्टीचे दिवस काढलेला एक तरी निवृत्त मास्तर गर्दीत असतोच.

कान मात्र पाडून घेऊ नका. परदेशी जाणाऱ्या प्रतिकृतीही बहुधा बिनकानाच्याच निघतात. जिच्यातून बार निघतो ती कायद्यानं बंदूकच, मग नमुना कितीही जुना असो. परवाना लागतो, आणि तो मंडळाच्या लेटरहेडवर मिळत नाही. बुजवलेल्या नळीची बंदूक घ्या, पावती खिशात ठेवा आणि मिरवणुकीआधी पोलीस ठाण्यात दाखवून या.

बार न उडाल्याची रुखरुख नको. डॉल्बीपुढे तो ऐकू गेला नसताच.