तात्पुरतं काढलंय

अगं घाबरू नकोस, ग्राइंडर आहे तो. आमच्याच गॅरेजमधून येतोय आवाज. रविवार ना आज. हे आणि कोपऱ्यावरच्या घरातले ते दाढीवाले गुरुजी पत्रा कापतायत. गुरुजी हे मी ठेवलेलं नाव. डिअरबॉर्नला फोर्डच्या रूज कारखान्यात जन्म काढला त्यांनी. आता रिटायर झालेत, आणि रिटायर झालेल्या माणसाला एक शिष्य लागतो. तो त्यांना आमच्या घरात सापडला.

तू नवीन आहेस म्हणून सांगते. आमच्याकडे चालणाऱ्या गाड्या दोन, त्या बारा महिने बाहेर. न चालणाऱ्या आत, आणि त्यांच्यासाठी हीटर. जानेवारीत उणे पंधरा असतं, मी पहाटे काचेवरचा बर्फ खरवडत उभी, आणि आत १९६६ सालची मस्टँग माझ्या आईनं शिवलेली गोधडी पांघरून झोपलेली. रंगावर ओरखडा नको म्हणून! रंग तरी कुठंय? नुसता लाल प्रायमर.

सगळं सुरू झालं तिच्यापासूनच. पुण्याला टेल्कोत असताना हे तेलानं माखलेला शर्ट घेऊन घरी यायचे आणि मी कटकट करायचे. इथं आल्यावर काम सगळं कॉम्प्युटरवर, ब्रेकचं सॉफ्टवेअर. शर्ट पांढरेशुभ्र राहायला लागले आणि माणूस चिडचिडा झाला. अशात गुरुजी म्हणाले, माझ्या ओळखीत एक मस्टँग आहे, स्वस्तात देतोय, फक्त तळाचा पत्रा बदलायचाय.

फक्त तळाचा पत्रा! आता मलासुद्धा पाठ झालंय, ऐक. त्या काळच्या मस्टँगना एक जुनाट रोग आहे. बोनेटच्या मागे, काचेच्या खाली हवेसाठी जाळी असते ना, तिच्या पोटात दोन पत्र्यांची एक बंद पेटी असते. पाऊस, पाचोळा सगळं तिथं साचतं. पेटी आतून कुजते आणि पाणी थेट ड्रायव्हरच्या पायाशी टपकतं. वरून बघावं तर गाडी चकाचक. तळाचा पत्रा गंजतो तो या पाण्यानं, त्यामुळे पेटी दुरुस्त केल्याशिवाय नवा पत्रा घालण्यात अर्थच नाही. आणि पेटी उघडायची म्हणजे मडगार्ड काढा, समोरची काच काढा, डॅशबोर्ड काढा आणि मग वेल्डिंगचा एकेक ठिपका ड्रिलनं फोडत बसा. खालून शिरलेला माणूस असा वर काचेतून बाहेर येतो. त्यात इथलं मीठ. या डेट्रॉइटच्या खाली हजारएक फुटांवर मिठाची खाण आहे, माहीत आहे तुला? वर गाड्या बनवायच्या आणि खालचं मीठ काढून हिवाळ्यात त्यांनाच चारायचं. काय गाव आहे!

मग दुसरी आली. तीही मस्टँगच, पण पार्ट्ससाठी. ॲरिझोनातली, कोरड्या हवेतली. इंजिन खलास, सीटा उन्हानं फाटलेल्या, पण गंज नाही. तिची ती पेटी कापून पहिलीला लावायची, उरलेली भंगारात, असं माझ्यासमोर ठरलं होतं. ट्रेलरवरून उतरवली, गुरुजी टॉर्च घेऊन खाली सरपटले, हेही सरपटले, आणि दोघं खालीच. मी चहा घेऊन गेले तर आतून ह्यांचा आवाज, "हिला कशी कापायची? ही तर आपल्या गाडीपेक्षा चांगली आहे." झालं! पार्ट्ससाठी आणलेली ती मुख्य गाडी झाली आणि मुख्य गाडीचे पार्ट्स व्हायला लागले. बरं, पहिली टाकून द्यावी, तर तेही नाही. तिच्यावर एवढी मेहनत झालीय म्हणे. मेहनत म्हणजे काय, तर सुटी करून ठेवलीय.

सुटं करायला काय लागतं गं? एका शनिवार-रविवारात गाडी मोकळी होते. झिपलॉकच्या पिशव्याच पिशव्या, आणि ह्यांनी त्यांच्यावर सगळं मराठीत लिहून ठेवलंय. ‘डावं दार, वरचं बिजागर, दोन स्क्रू कमी.’ गुरुजींना त्यातलं अक्षर कळत नाही. हे ऑफिसला गेले की त्यांचं काम अडतं, मग मला हाका मारतात आणि मी ह्या वयात पिशव्या वाचून दाखवते. मला विचारशील तर ह्यांनी ते मुद्दाम केलंय. ओव्हनची गोष्ट तर मी कुणाला सांगत नाही, तुला सांगते. पावडर कोटिंग म्हणून एक प्रकार असतो. लोखंडावर रंगाची पूड बसवायची आणि दोनशे डिग्रीला भाजायची. मंडळाच्या गणपतीला नानकटाई करायला घेतली, ओव्हन उघडते तर आत काळे कुळकुळीत ब्रॅकेट ओळीनं मांडलेले! तो ओव्हन त्याच दिवशी गॅरेजमध्ये हाकलला आणि नवा आणायला लावला. एवढ्या वर्षांत या छंदानं माझं झालेलं भलं ते एवढंच.

आता मागच्या अंगणात ताडपत्रीखाली आहे ती तिसरी गाडी. तिला हॉट रॉड म्हणायचं. म्हणजे होणार आहे ती हॉट रॉड, आत्ता तिचा टप आणि दारं आहेत. हा मूळचा कॅलिफोर्नियातल्या पोरांचा खेळ. १९३२ साली फोर्डनं साध्या माणसाच्या गाडीत आठ सिलिंडरचं इंजिन घातलं. पासष्ट हॉर्सपॉवर, आणि साध्या मॉडेलची किंमत पाचशे डॉलरच्या आत. पुढे या गाड्या जुन्या होऊन मातीमोलानं मिळायला लागल्या. पोरं त्या उचलायची, टप कापून ठेंगणा करायची, इंजिनात काय काय खटपटी करायची आणि म्युरॉक, एल मिराज अशी वाळवंटातली कोरडी तळी आहेत तिथं जाऊन उधळायची. महायुद्ध संपलं, फौजेत इंजिनं खोलून हात बसलेले जवान परत आले आणि मग तर ऊतच आला. १९४८ च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ नावाचं मासिक निघालं. गुरुजींकडे जुन्या अंकांचा गठ्ठा आहे, मला फोटो दाखवत बसतात.

ते फोटो बघताना माझ्या एक लक्षात आलं. ही पोरं शर्यतीला गाडी चालवतच न्यायची. तिथं पोचल्यावर मडगार्ड, दिवे काढून ठेवायचे, धावायचं, संध्याकाळी सगळं परत लावायचं आणि घरी यायचं. का? तर बहुतेकांकडे तेवढी एकच गाडी, सोमवारी तीच घेऊन कामावर जायचं. रविवारी रात्री ती जोडलेलीच असायला हवी. आमच्या गाड्यांना सोमवारच नाही गं! सोमवारी हे आपले टोयोटा घेऊन ऑफिसला जातात. मग ते बिजागर आज बसलं काय, पुढच्या दसऱ्याला बसलं काय. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, टोयोटा विकून टाका, बघा महिन्यात मस्टँग उभी राहते की नाही. तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी घरच विकायला काढलंय.

खरी १९३२ ची आता आमच्यासारख्यांना कुठली परवडायला. म्हणून ही त्याच्या आधीची, फोर्डचीच मॉडेल ए. १९३१ पर्यंत त्यांनी त्या जवळजवळ पन्नास लाख बनवल्या, त्यामुळे अजून कुठल्या कुठल्या शेतातल्या कोठारांतून निघतात. इंजिन मात्र तिच्यात शेवरलेटचं बसायचंय, १९५५ पासून जे निघालं त्या घराण्यातलं. आटोपशीर, हलकं, स्वस्त, आणि पार्ट कुठल्याही दुकानात. म्हणून अर्धी अधिक हॉट रॉडवाली मंडळी फोर्डच्या अंगात तेच घालतात. पण गुरुजी पडले जन्माचे फोर्डवाले! देशस्थाच्या घरात कोकणस्थ सून आली की सासू बघते ना, तसे ते त्या इंजिनाकडे बघतात. बसवणार तेच, नाक मुरडणारही तेच.

परवा आमचं वाजलं. मी कागद-पेन्सिल घेऊन समोर बसले, म्हटलं आज मला सांगाच, आधी कुठली पुरी होणार. तर पहिल्या मस्टँगला मागचा ॲक्सल नाही. का? तर तो आठ इंची ॲक्सल मॉडेल ए ला बरोब्बर बसतो, म्हणून माप बघायला ‘तात्पुरता’ काढला. बरं, मग परत लावा. लावणार कसा, मॉडेल ए उभी आहे ना त्याच्यावर. मग तिला स्टँडवर चढवा. स्टँड पहिल्या मस्टँगखाली आहेत, तिला ॲक्सल नाही म्हणून. ठीक, मग दुसरी मस्टँग पुढे लोटा आणि गॅरेजमध्ये जागा करा. दुसरी हलत नाही, तिची मागची दोन चाकं मॉडेल ए च्या ॲक्सलला लावलीत, तात्पुरती. त्यातलंही एक आता तिथं नाही, गुरुजींच्या १९५७ च्या फेअरलेनला आहे, तात्पुरतं. तिथं लाकडी ठोकळा लावलाय. फेअरलेनचं ते चाक काढता येत नाही, कारण तिला क्रेनखाली ढकलत न्यायचीय. क्रेन आमची, पण गुरुजींच्या शेडमध्ये, आणि तिला फेअरलेनचं इंजिन लोंबकळतंय. ते उतरवा म्हटलं, तर इंजिनाच्या जागेला आधी रंग द्यायचाय, आणि रंगवणारा थँक्सगिव्हिंगनंतर यायचाय. म्हणजे बघ, मला वाटत होतं तीन गाड्या म्हणजे तीन कामं. कसली तीन? आहे ते एकच काम, आणि ते तिसऱ्याच माणसाच्या डायरीत अडकलंय.

हसू नकोस. तुझ्या नवऱ्याला फार फिरकू देऊ नकोस तिकडे. काल कुंपणापाशी उभा होता, ‘काका, किती सीसी?’ विचारत. असंच सुरू होतं.

ऑगस्टमध्ये तुम्ही नव्हता ना अजून इथं? तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, बघण्यासारखी. १९९५ साली फर्नडेलमध्ये मुलांच्या सॉकरच्या मैदानासाठी पैसे उभे करायला सुरू केली होती. आता पार पॉन्टिॲकपर्यंत जुन्याच जुन्या गाड्या, दिवसभर. आम्ही घडीच्या खुर्च्या आणि दशम्यांचा डबा घेऊन कडेला बसतो, आणि दर वर्षी हे म्हणतात, पुढच्या ऑगस्टला आपली. मिशिगनमध्ये जुन्या गाड्यांना ‘हिस्टॉरिक’ नंबरप्लेट मिळते. एरवी प्रदर्शनाला, मिरवणुकीलाच न्यायची गाडी. ऑगस्टभर मात्र कुठंही फिरवा. ती प्लेट ह्यांनी आणून ठेवलीय. गॅरेजच्या भिंतीवर लावलीय, जाता-येता फडक्यानं पुसतात.

आणि आता फियाटचं खूळ! सासऱ्यांची फियाट ११००, कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये बनलेली, सांगलीला गोठ्यात उभी आहे. पंचवीस वर्षांहून जुनी गाडी परदेशातून इथं आणायला सरकार आडवं येत नाही, हे ह्यांना कुणीतरी सांगितलं. मी लगेच दिरांना फोन केला, म्हटलं भाऊजी, भंगारवाल्याला द्या पण ह्यांना फोटो पाठवू नका. पाठवलाच! बोनेटवर कोंबडी बसलेली. हे म्हणतात, बघ, पत्रा किती मजबूत आहे.

जाऊ दे. बोलता बोलता राहूनच जाईल, मी दुसऱ्याच कामासाठी हाक मारली होती तुला. सिटीचं पत्र आलंय. न चालणारी गाडी उघड्यावर ठेवायची नाही, ताडपत्री घातली तरी नाही, चार भिंतींच्या आत घ्या, आणि तेसुद्धा महिना संपायच्या आत. मॉडेल ए दिसते म्हणे रस्त्यावरून. तक्रार कुणी केली ते मला बरोबर ठाऊक आहे, पण मी नाव घेणार नाही. ज्यांच्या गवताला कधी मशीन लागत नाही त्यांनीच.

तर तुमचं गॅरेज दोन गाड्यांचं आहे ना? आणि गाडी तुमची एकच. परवा दार उघडं होतं तेव्हा दिसलं सहज. डाव्या बाजूला नुसती खोकी आहेत तुमची, ती आमच्या बेसमेंटमध्ये ठेव हवी तर. मस्टँगची दारं आहेत तिथं, पण सरकवते मी. मार्चपर्यंत फक्त. गुरुजी एप्रिल म्हणतायत, तू मार्चच धर. तेलाचा थेंब पडायचा नाही, इंजिनच नाही तर तेल कुठून पडणार? शिवाय फरशीवर पुठ्ठे घालते. दिवाळीला चकल्या तुझ्या माझ्याकडे, भाजणीसकट.

ढकलत न्यायला? काही नाही गं, चौघांचं काम आहे, तुझा नवरा धरून. चाकं आहेत की. तीन आहेत. चौथं कुठंय ते सांगितलं ना मघाशी.