कच्च्या आहाराची रोजकीर्द

ज्या इमारतीत मी गेली बावीस वर्षे राहतो आहे तिला तीनच मजले असून माझे बिऱ्हाड दैवयोगाने मधल्या मजल्यावर पडल्यामुळे, मनुष्याने काय खावे या अनादी वादातील उभय पक्षांच्या कैफियती ऐकून घेण्याचे बिनपगारी काम, मी कोणाकडे तशी दरखास्त केलेली नसताना, माझ्याकडे कायमचे चालत आले आहे. तळमजल्यावर मूळचे कोल्हापूरचे एक गृहस्थ राहतात. तांबड्या रश्श्याने देह आणि पांढऱ्या रश्श्याने बुद्धी पुष्ट होते, असे त्यांचे मत आहे. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ हिशेबतपासनीस होते, आणि सेवानिवृत्त झाल्या दिवसापासून पंचमहाभूतांपैकी अग्नी या एका भूताशी त्यांनी सर्व व्यवहार बंद केला आहे. परिणाम असा की, खालून वर येतो तो वास आणि वरून खाली येतो तो उपदेश. दोहोंचीही वाट माझ्या स्वयंपाकघरातून जाते, आणि दोहोंपैकी कशावरही जकात बसवण्याचा अधिकार मला नाही.

वरच्या गृहस्थांचा सिद्धान्त ऐकण्यास सुबोध आणि आचरण्यास दुष्कर आहे. शिजवलेले अन्न मृत, मृत अन्न खाणाऱ्याचे मन मृतप्राय, आणि मृतप्राय मनास मोक्ष कोठला, अशी ही तीन पायऱ्यांची शिडी असून तिच्या माथ्यावर मोड आलेल्या मुगांची वाटी ठेवलेली आहे. मांसमच्छीची गोष्टच सोडा; दूध हा वासराचा वारसाहक्क, तूप हा त्याच हक्कावरचा दुसरा दरोडा, आणि मध म्हणजे मधमाश्यांच्या मालमत्तेची बेकायदा जप्ती, या न्यायाने ही तिन्ही द्रव्ये त्यांच्या घरातून हद्दपार झाली आहेत. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला लोण्याऐवजी बदामाचा लगदा मिळतो; त्याची तक्रार अद्याप रुजू झालेली नाही. पहाटे पाच वाजता त्यांचा मिक्सर घरघरू लागतो, आणि त्यानंतर अर्ध्या तासाने जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येक इसमास, 'तुम्ही अजून चहा घेता ना?' हा प्रश्न, वैद्य मरणासन्न रोग्याच्या आप्तांशी ज्या स्वरात बोलतो त्या स्वरात, विचारला जातो.

खालच्या गृहस्थांचे तर्कशास्त्र याहून आटोपशीर आहे: सिंह गवत खात नाही आणि बकरीने आजवर कोठे राज्य केलेले नाही. आपण त्यांतले सिंह असल्याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र किंतु नाही. परंतु हा सिंह पंचांग पाहून शिकार करतो. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा आणि शनिवार मारुतीचा. त्यांत एकादश्या, चतुर्थ्या आणि सबंध श्रावण वजा जाता जे बुधवार, शुक्रवार आणि रविवार शिल्लक राहतात, ते कोंबड्यांच्या पंचांगात अशुभ वार म्हणून नोंदले गेले असले पाहिजेत. आषाढी अमावास्येला, जिला शास्त्राने दिव्यांची पूजा सांगितली आणि लोकांनी गटारी हे नाव दिले त्या तिथीला, येणाऱ्या महिन्याची वसुली आगाऊ करून घेतली जाते. मटणाचे पातेले निराळे, ते घासण्याची जागा मागील दारी, आणि ते चुलीवर असेपर्यंत देव्हाऱ्याचा पडदा ओढलेला. ज्या परमेश्वराला चराचर दिसते त्याला एवढे पातेले तेवढे दिसू नये, अशी ही व्यवस्था आहे.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी हे उभय पक्ष जिन्यात समोरासमोर आले, शब्दाने शब्द वाढला, पूर्वज काढले गेले, आणि ऋषिमुनी नेमके काय खात होते या मुद्द्यावर फैसला करण्यासाठी मला मध्यस्थ नेमण्यात आले. मी मुदत मागून घेतली आणि जुने दप्तर चाळावयास बसलो. तेथे जे आढळले ते दोन्ही पक्षांस सारखेच गैरसोयीचे होते.

भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'च्या चौथ्या अंकात वाल्मीकींच्या आश्रमी वसिष्ठ येतात, तेव्हा त्यांच्या पाहुणचारार्थ कालवड कापली जाते, आणि आश्रमातले दोन बटू त्यावर आपापसांत जी चेष्टा करतात ती आज एखाद्या नाटककाराने लिहिली तर प्रयोगाचा परवाना तहकूब होईल. हे वाचून खालचे गृहस्थ हर्षभरित झाले खरे. पण त्याच अंकात, त्याच आश्रमात, मांसनिवृत्त झालेल्या जनक राजास दही आणि मध यांचाच मधुपर्क दिला जातो, हे मी पुढे वाचून दाखवल्यावर त्यांचा हर्ष ओसरला. एकाच यजमानाने दोन पाहुण्यांस त्यांच्या त्यांच्या नेमाप्रमाणे वाढले, एवढाच या पुराव्याचा अर्थ. पाहुण्यांनी एकमेकांच्या पानात डोकावून पाहिल्याचा उल्लेख भवभूतीने केलेला नाही, कारण तो कवी होता, शेजारी नव्हता.

चरकाचार्यांची साक्ष तर याहून अवघड निघाली. क्षयाने शुष्क झालेल्या रोग्यास मांस द्यावे, असे त्यांनी राजयक्ष्म्याच्या चिकित्सेत निःसंदिग्ध सांगितले आहे. इतकेच नव्हे, तर खऱ्या नावाने दिले असता रोगी किळस येऊन ओकेल म्हणून गिधाडांचे मांस मोराचे, कावळ्यांचे तित्तिराचे सांगून आणि तळलेली गांडुळे माशाची आतडी म्हणून खपवावी, असाही सल्ला दिला आहे. भारतवर्षात पदार्थाला एक नाव देऊन दुसराच पदार्थ वाढण्याची परंपरा आजच्या खानावळींनी सुरू केली, असा जो सार्वत्रिक समज आहे तो यावरून दुरुस्त करून घ्यावा. मात्र चरकांनी ते औषध म्हणून सांगितले होते, दर रविवारी दोन वेळा सांगितले नव्हते.

वरच्या गृहस्थांचा सर्व भार अहिंसेवर असल्याने, त्या प्रांतात ज्यांचा अधिकार निर्विवाद त्या जैन मुनींकडे मी वळलो, आणि येथे त्यांच्या शिडीची तिसरी पायरी माझ्या हातात निखळून आली. जैन आचारात जे सजीव ते सचित्त आणि जे निर्जीव झाले ते अचित्त. मुनीने घ्यावयाचे ते अचित्तच, म्हणून तो पाणीसुद्धा उकळलेले पितो आणि कच्च्या पालेभाजीस स्पर्श करीत नाही. आणि फुटणारा कोंभ तर असंख्य जीवांचे एकत्र वसतिस्थान मानला गेल्यामुळे, मोड आलेले धान्य हे कर्मठ श्रावकाच्या दृष्टीने एक गजबजलेले गावच होय. म्हणजे आमचे वरचे गृहस्थ ज्या वाटीस 'जिवंत अन्न' म्हणून गौरवतात, ती वाटी त्याच एका विशेषणामुळे मुनीला निषिद्ध आहे. हे सांगितले तेव्हा त्यांनी क्षणभर मुगांकडे पाहिले, मुगांनी त्यांच्याकडे पाहिले, आणि कामकाज पुढील रविवारपर्यंत तहकूब झाले.

बुद्धाच्या संघात देवदत्ताने, भिक्षूंस मत्स्यमांस सर्वस्वी वर्ज्य असावे अशी मागणी केली, तेव्हा बुद्धाने ती सक्ती नाकारली, हे विनयपिटकात नमूद आहे. गोव्याच्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात बुद्धाच्या अखेरच्या भोजनातील सूकरमद्दव म्हणजे डुकराचे मांसच, असे प्रतिपादन केले आणि प्राचीन काळी जैन श्रमणही मांस घेत असल्याचे लिहून मोठा रोष ओढवून घेतला. ज्याने दुसऱ्यांच्या ताटांविषयी एवढे निर्भय संशोधन केले, त्या पंडिताने जून १९४७ मध्ये सेवाग्रामी अन्नत्याग करून, पार्श्वनाथाच्या परंपरेस शोभेल अशा रीतीने, देह ठेवला. कोणी काय खाल्ले यावरून त्याची आध्यात्मिक पायरी ठरवणाऱ्यांनी या एका माणसाची पायरी आधी ठरवून दाखवावी.

आरोग्याच्या मुद्द्यावर तरी निकाल लागेल, अशी आशा होती. तीही फोल ठरली. अग्नी म्हणजे शत्रू, हे म्हणणे राजम्यापुढे टिकत नाही, कारण कच्च्या राजम्यातील विषद्रव्य खळखळून उकळल्यावाचून नाश पावत नाही आणि मूठभर दाणेही माणसास ओकाऱ्यांनी हैराण करण्यास पुरेसे होतात; दुधीचा रस कडू लागला असता ओतून द्यावा लागतो, कारण त्या कडवटपणात प्राणावर बेतण्याइतके विष असू शकते. शिवाय १९४८ मध्ये शास्त्रज्ञांनी शुद्ध रूपात वेगळे काढलेले ब जीवनसत्त्वाचे बारावे भावंड हे जंतूंनी निर्माण केलेले असून वनस्पतींच्या राज्यात त्याचे ठाणे नाही. म्हणून संपूर्ण वनस्पत्याहारी मनुष्याच्या मोक्षमार्गावर एक मुक्काम औषधांच्या दुकानात करावा लागतो. इकडे खालच्या गृहस्थांनीही फार हसू नये, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ मध्ये खारवलेल्या, धुरावलेल्या आणि तत्सम प्रक्रिया केलेल्या मांसास कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या वर्गात बसवले, आणि बोकडाचे मांस ज्यात मोडते त्या तांबड्या मांसाची गणना संशयितांच्या यादीत केली. सिंहाला आतड्यांचा कर्करोग होत नसेलही; पण सिंह कचेरीत खुर्चीवर बसत नाही.

या सर्व दप्तरात मला एकच साक्षीदार असा आढळला, की ज्याने दोन्ही पक्षांची वकिली स्वतःच्या पोटात करून पाहिली. मोहनदास गांधी या मुलाने राजकोटास, इंग्रज मांस खातो म्हणून राज्य करतो या शाळकरी सिद्धान्ताला भुलून, मित्राच्या संगतीने चोरून बोकड खाल्ले, आणि ती रात्र पोटात बोकड बें बें करीत असल्याच्या भासात काढली. त्याच मुलाने तेविसाव्या वर्षी, १८९३ मध्ये, प्रिटोरियात कच्च्या अन्नाचा प्रयोग आरंभला, दिवसवार टिपण ठेवले, आणि तो थोड्याच दिवसांत फसल्यावर लंडनच्या शाकाहारी पत्रात ती फजिती छापून आणली. पुढे महात्मा झाल्यावरही खोड गेली नाही. १९२९ मध्ये आठ तोळे मोड आलेले गहू, आठ तोळे बदामाचा लगदा, आठ तोळे वाटलेला पाला, सहा लिंबे आणि दोन औंस मध, असा कच्चा शिधा त्यांनी स्वतःस बांधून दिला, आश्रमवासीयांस त्यात ओढले, आणि आमांशाने गाठल्यावर शेळीच्या दुधाकडे परत येऊन ही माघारही आपल्याच साप्ताहिकात नोंदवली. आहारशास्त्रातील त्यांची मते आज कितीशी टिकतील, हा प्रश्न निराळा. पण जमेबरोबर खर्चही लिहिणारा असा चिटणीस या खात्याला पुन्हा लाभलेला नाही.

तेव्हा मीही एक वही घातली आणि अकरा दिवस अग्नी वर्ज्य केला. त्या रोजकीर्दीतील काही नोंदी जशाच्या तशा देतो. पहिला दिवस: उत्साह, काकडी. तिसरा दिवस: देह हलका, डोके जड. चौथा दिवस: गाजर चावता चावता वर्तमानपत्र संपले, गाजर उरले. पाचवा दिवस: सौभाग्यवतीस फोडणीच्या दुष्परिणामांविषयी दोन वेळा समजावून सांगितले. सहावा दिवस: तळमजल्यावरील गृहस्थांकडे प्रथमच करुणेने पाहिले, त्यांच्या ते लक्षात आले. आठवा दिवस: वजन अडीच किलो उतरले, सौभाग्यवती म्हणाली, 'उतरले ते वजन, चढले ते काय, ते काट्यावर दिसत नाही.' नववा दिवस: खानावळीवरून जाताना अकारण चाल मंदावली. अकरावा दिवस, रात्री सव्वादहा: पिठले.

ही वही घेऊन मी दोन्ही मजल्यांवर गेलो आणि उभयतांस त्यांच्या वह्या दाखवण्याची विनंती केली. वरचे गृहस्थ, ज्यांनी पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या हिशेबातील पैसापै शोधून काढली, ते म्हणाले की सत्याला नोंदीची गरज नसते. खालचे गृहस्थ म्हणाले की मर्द माणूस जेवण लिहून ठेवीत नाही. मतैक्य झाल्याचा असा हा प्रसंग बावीस वर्षांत पहिलाच असल्यामुळे मी तो तारखेनिशी टिपून ठेवला.

त्यानंतर पंधरवड्याने एका रात्री साडेअकराच्या सुमारास माझी झोप मोडली. स्वयंपाकघरात वास दरवळत होता. जिरे, लसूण, हिंग, आणि तव्यावर तूप सुटत असलेले काहीतरी. सवयीने मी तळमजल्याकडे वाकून पाहिले, तर तेथे अंधार. वास वरून खाली येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तळमजल्यावरचे गृहस्थ जिना चढून माझ्या दारी आले. हातात रक्ततपासणीचा अहवाल घडी करून धरलेला होता, आणि चेहऱ्यावर मरणासन्न रोग्याच्या आप्तांशी बोलणाऱ्या वैद्याची ती परिचित कळा होती. 'तुम्ही अजून अंडी खाता ना?' त्यांनी विचारले. मी उत्तर दिले नाही. दार लोटले, वही उघडली आणि आदल्या रात्रीची राहिलेली नोंद पुरी केली: वासाने जाग आली, पुन्हा झोप येईना, उरलेला भात ताक घालून खाल्ला. कांदा तेवढा कच्चा.