तीर्थरूप मार्क-८ आजोबा यांस

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदींतली अक्षरे साठवायची जुनी पद्धत म्हणजे आपण. अशाच एका ग्रंथालयाच्या जुन्या नोंदी युनिकोडमध्ये आणायचे काम गळ्यात पडले आणि तिथे 'ज्ञानेश्वरी' भेटली. रोमन लिपीत, अर्थात. आपल्या दरबारात हिब्रू, अरबी, ग्रीक, सिरिलिक, झालेच तर हजारो चिनी अक्षरे मांडी घालून बसली आहेत; देवनागरीला मात्र पाटसुद्धा नाही. माउलींनी परका अंगरखा चढवावा आणि चार चिन्हे मिरवत आत यावे, असा आपला शिरस्ता.

नोंदीच्या लीडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या पट्टीत, नवव्या स्थानी (मोजणी शून्यापासून, आपल्याकडे सरळ काहीच नसते) 'ए' होता. म्हणजे ही नोंद युनिकोडमध्ये आहे. प्रोग्रॅमने विश्वास ठेवला आणि तोंडावर आपटला. लॅटिन-१ समजून उघडली, तर दीर्घ स्वराच्या रेघेऐवजी स्वीडनचा गोल टिकलीवाला 'ए' हजर. आत आपणच होता, आजोबा! लीडरमधली ती नववी जागा मोकळी असायला हवी होती.

मग आपल्याकडून युनिकोडकडे नेणारे लायब्ररी ऑफ काँग्रेसचे कोष्टक उघडले. आपला ई५ हा बाइट म्हणजे मॅक्रॉन, तीच दीर्घ स्वराची रेघ; युनिकोडमध्ये ०३०४. सोपे वाटले. पण आपले चिन्ह पुढे चालते आणि अक्षर मागून येते. युनिकोडमध्ये नेमके उलटे. कोष्टक पाहून नुसता कोडाला कोड बदलला, तर रोमन 'ज्ञ'मधल्या 'एन'वरची लाट आधीच्या 'जे'च्या डोक्यावर बसते. याला मी हसणार नाही. आमची पहिली वेलांटीही दिसते अक्षराआधी आणि बोलली जाते नंतर. शिवाय आपल्या एका बाइटचे चिन्ह यूटीएफ-८ मध्ये दोन बाइटचे होते, की नोंदीच्या डिरेक्टरीत, म्हणजे फील्डांच्या यादीत, लिहिलेल्या सगळ्या लांब्या पुन्हा मोजा.

तुमच्यावर राग नाही. हेन्रिएट अ‍ॅव्हरम यांनी १९६० च्या दशकात 'मार्क' या ग्रंथालयीन नोंदपद्धतीचे घराणे उभारले, तेव्हा नोंदी चुंबकीय फितीवरून फिरत. इतके जमवले हेच खूप. राग आहे तो आत न डोकावता 'ए'चा शिक्का मारणाऱ्यांवर. एकदा त्यांच्या स्वप्नात जाऊन यावे, एवढीच विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कोष्टक चाळून थकलेला एक नातू

ता. क. : मूळ लिपीतले नाव द्यायला ८८० क्रमांकाचे फील्ड असते. 'ज्ञानेश्वरी'च्या त्या नोंदीत ते नाही.